शिकत्या परिचारिकेची रात्रपाळी

सकाळी साडेसातला वॉर्डात पोस्टिंगसाठी, म्हणजे प्रत्यक्ष कामातून शिकण्यासाठी, हजर झालेल्या नर्सिंगच्या विद्यार्थिनींपैकी झोपून उठून आलेली कोण आणि रात्रभर जागून आलेली कोण, हे ओळखायला त्यांना शिकवणाऱ्या पाठ्यनिर्देशिकेला फार वेळ लागत नाही. जागून आलेल्या मुलीचा गणवेश नीटनेटका असतो, केस व्यवस्थित बांधलेले असतात, पण रुग्णाची नाडी मोजताना मिनिट संपून गेले तरी तिची बोटे मनगटावरच राहतात आणि आकडा विचारला की ती गोंधळते. ती आळशी नसते. संध्याकाळी सात ते सकाळी सात ती शहरातल्याच एखाद्या पंधरा-वीस खाटांच्या नर्सिंग होममध्ये उभी असते आणि तिथले नातेवाईक तिला ‘सिस्टर’ म्हणून हाक मारत असतात. परिचर्या शिकवण्यात बरीच वर्षे गेल्यानंतर माझे असे ठाम मत झाले आहे की, शिकता शिकता काम करण्यावर बंदी घालून हा प्रश्न सुटणार नाही आणि त्याकडे डोळेझाक करूनही सुटणार नाही. या विद्यार्थ्यांसाठी परिचर्या साहाय्यक असे रीतसर पद असावे, त्याची कामे आणि तास लेखी ठरलेले असावेत, त्याचा मोबदला ठरलेला असावा, आणि त्या पदावरची व्यक्ती परिचारिका म्हणून मोजली जाणार नाही ही त्याची पहिली अट असावी.

मुली काम का करतात, याचे उत्तर साधे आहे. महाराष्ट्र शासनाने जुलै २०२४ मध्ये आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, वार्षिक आठ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ करण्याचा निर्णय घेतला आणि तो निःसंशय मोलाचा आहे. परंतु शुल्क माफ झाले म्हणून मेसचे पैसे, खोलीचे भाडे, गणवेश, पुस्तके, पोस्टिंगच्या ठिकाणी जाण्यायेण्याचा खर्च आणि सुटीत गावी जाण्याचे भाडे माफ होत नाही. नर्सिंगकडे येणारी मुलगी पुष्कळदा कोरडवाहू शेतीच्या किंवा मजुरीच्या घरातून येते, आणि तिच्या पाठीमागे शिकणारा भाऊ किंवा बहीण असते. पहिल्या वर्षी घरून पैसे येतात, दुसऱ्या वर्षी ते उशिरा येऊ लागतात, आणि तिसऱ्या वर्षी कित्येक जणी घरीच पैसे पाठवू लागलेल्या असतात. अशा मुलीला ‘तू फक्त अभ्यास कर’ असे सांगणे सोपे आहे, पण मग तिचा महिन्याचा हिशेब कोणी भागवायचा हेही सांगणाऱ्याने सांगायला हवे.

आता या व्यवहाराची दुसरी बाजू पाहू. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या आदेशानंतर केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने खाजगी रुग्णालयांतील परिचारिकांच्या वेतनाबाबत शिफारशी केल्या, आणि पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नोंदणीकृत परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत असे त्यांत नमूद केले. याहून मोठ्या रुग्णालयांसाठी शासकीय वेतनाशी जोडलेले प्रमाण सुचवले होते. त्या शिफारशींची अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि लहान रुग्णालयांपर्यंत ती फारशी पोहोचली नाही. उलट, नोंदणीकृत परिचारिकेला जे द्यावे लागले असते त्याच्या निम्म्यात किंवा त्याहूनही कमीत दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी मिळते, ती सुई लावू शकते, डॉक्टरांची भाषा तिला कळते आणि ती तक्रार करत नाही, कारण तक्रार करायला तिच्याजवळ कागदच नसतो. नियुक्तिपत्र नाही, हजेरीपत्रकावर नाव नाही, अपघाताने दूषित सुई टोचली तर उपचारांची जबाबदारी कोणाची हे ठरलेले नाही. या कामाला लवचीक अर्धवेळ नोकरी म्हणणे मला प्रामाणिकपणाचे वाटत नाही. पात्र परिचारिकेची जागा स्वस्तात भरण्याची ही रीत आहे, आणि तिची किंमत विद्यार्थिनी, रुग्ण आणि नोकरीच्या शोधात असलेली नोंदणीकृत परिचारिका असे तिघेही मोजतात.

माझ्या एका विद्यार्थिनीचा प्रसंग मला आजही जसाच्या तसा आठवतो. एका नर्सिंग होममध्ये ती रात्रपाळी करत होती आणि मजल्यावर तिच्याशिवाय फक्त एक मावशी होती. मधुमेही रुग्णाची साखर वाढली, डॉक्टरांनी फोनवरून इन्सुलिनचा डोस सांगितला, आणि तिने तो दिला. सकाळी माझ्याकडे येऊन तिने विचारले, “मॅडम, त्या फ्रिजमध्ये दोन प्रकारच्या बाटल्या होत्या. मी बरोबर सिरिंज घेतली होती, पण चुकली असती तर?” प्रश्न अगदी योग्य होता. आपल्याकडे इन्सुलिन एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळते आणि दोन्हींच्या सिरिंज वेगवेगळ्या असतात. १०० युनिटचे औषध ४०च्या सिरिंजने दहाच्या रेघेपर्यंत भरले तर दहाऐवजी पंचवीस युनिट शरीरात जातात, आणि झोपलेल्या माणसाची साखर पहाटेपर्यंत कुठवर उतरेल हे सांगता येत नाही. तिला हे वर्गात शिकवलेले होते, तिने परीक्षेत लिहिलेही होते. पण शिकलेली गोष्ट मध्यरात्री, एकटीने, थकलेल्या डोळ्यांनी करणे आणि ती करताना शेजारी तपासून पाहणारी एक अनुभवी परिचारिका असणे, यांत रुग्णाच्या जिवाइतके अंतर आहे.

‘येते’ आणि ‘करण्याची परवानगी आहे’ या दोन गोष्टी आपल्याकडे सतत एकमेकींत मिसळल्या जातात, आणि या सगळ्या प्रश्नाचे मूळ मला तिथे दिसते. तिसऱ्या वर्षाच्या मुलीला शिरेत कॅन्युला, म्हणजे सलाईन देण्याची बारीक नळी, लावता येते. कॉलेजच्या पोस्टिंगमध्ये, पाठ्यनिर्देशिकेच्या किंवा वॉर्डातील परिसेविकेच्या देखरेखीखाली तिने ती लावावी, हा तिच्या शिक्षणाचा भाग आहे. परंतु तीच मुलगी संध्याकाळी पगारावर साहाय्यक म्हणून उभी असेल, तर तिथे तिने कॅन्युलाला हात लावता कामा नये, भले तिला ती कितीही सफाईने लावता येत असो. ही मर्यादा तिच्या कौशल्याचा अपमान करत नाही. नोंदणी होईपर्यंत तिच्या चुकीची व्यावसायिक जबाबदारी पेलणारी कोणतीही चौकट तिच्यामागे उभी नसते, म्हणून ती मर्यादा आधी तिचे रक्षण करते.

मग साहाय्यक म्हणून तिने करायचे काय? हे विचारणाऱ्यांना बहुधा वाटते की इंजेक्शन आणि सलाईन काढून घेतल्यावर उरते ते मावशीचे काम. मला इथे थोडे थांबून बोलायचे आहे, कारण आपल्या समाजात रुग्णाला शौचाचे भांडे देणे, अंग पुसणे, ओले झालेले कपडे बदलणे यांकडे ज्या नजरेने पाहिले जाते तिचा उगम जातीच्या आणि लिंगभावाच्या जुन्या उतरंडीत आहे आणि ती नजर नर्सिंग कॉलेजच्या दारातही थांबत नाही. ‘आमची मुलगी सिस्टर व्हायला आली आहे, आया व्हायला नाही’, असे पालक मला समोर बसून सांगून गेले आहेत. परंतु पक्षाघाताच्या रुग्णाची दर दोन तासांनी कूस बदलणारी व्यक्तीच त्याच्या माकडहाडावर उमटलेला पहिला लालसर डाग पाहते, आणि तो डाग त्या रात्री दिसला नाही तर चार दिवसांनी तिथे शय्याव्रण, म्हणजे पडून राहिल्याने होणारी जखम, झालेला असतो. तोंडाची स्वच्छता करताना कोरडी पडलेली जीभ दिसते, लघवीची पिशवी रिकामी करताना कमी झालेले प्रमाण दिसते, घास भरवताना गिळण्यातला अडथळा दिसतो, आंघोळ घालताना पायावरची सूज बोटाखाली दबते. डॉक्टर दिवसातून दोनदा येतात आणि काही मिनिटे थांबतात. रुग्णाचे शरीर तासन् तास ज्याच्या हाताखाली असते त्याला बदल सर्वांत आधी कळतो. पुस्तकातल्या निरीक्षण या शब्दाला असा प्रत्यक्ष अर्थ आहे, आणि तो अभ्यासक्रमाच्या धावपळीत, केस बुक पूर्ण करण्याच्या घाईत, पुष्कळ विद्यार्थ्यांच्या हातून निसटतो. दोन वर्षे साहाय्यक म्हणून नीट काम केलेली मुलगी पदवी घेऊन वॉर्डात येते तेव्हा ती रुग्णाजवळ जायला बिचकत नाही, नातेवाइकांशी बोलताना अडखळत नाही, आणि मावशी-मामांच्या कामाची किंमत तिला ठाऊक असल्यामुळे त्यांच्यावर ओरडतही नाही. हा शेवटचा गुण कोणत्याही परीक्षेत मोजला जात नाही, पण वॉर्ड चालतो तो त्याच्यावरच.

इतर देशांनी या प्रश्नाची जी उत्तरे काढली आहेत, ती आपल्याला जशीच्या तशी उचलता येणार नाहीत, पण त्यांच्यातला विचार समजून घेण्याजोगा आहे. अमेरिकेत १९८७च्या संघीय कायद्याने शुश्रूषागृहांमधील नर्सिंग साहाय्यकासाठी किमान ७५ तासांचे प्रशिक्षण आणि परीक्षा बंधनकारक केली. अनेक राज्ये त्याहून अधिक तास मागतात. नर्सिंगचे कितीतरी विद्यार्थी हे प्रमाणपत्र घेऊन शिक्षणाच्या काळात आठवड्याचे काही तास हे काम करतात, आणि त्यांच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर त्यांचे पद लिहिलेले असते. ब्रिटनमध्ये विद्यार्थी अभ्यासक्रमाचा भाग म्हणून वॉर्डात जातो तेव्हा त्याला मनुष्यबळात मोजायचे नाही, तो तिथे शिकायला आलेला आहे, असा दंडक आहे. त्याला पैशासाठी काम करायचे असेल तर ते आरोग्यसेवा साहाय्यक म्हणून, वेगळ्या नेमणुकीने आणि वेगळ्या गणवेशात. जर्मनीने तिसरा मार्ग धरला. तिथे २०२०पासून लागू झालेल्या परिचर्या व्यवसाय कायद्यानुसार तीन वर्षांच्या प्रशिक्षणात २,१०० तास वर्गशिक्षण आणि २,५०० तास प्रत्यक्ष काम असते, आणि प्रशिक्षणार्थ्याला पहिल्या महिन्यापासून विद्यावेतन मिळते. महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये जर्मनीतील बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला, त्यात परिचर्येचाही समावेश आहे. शिकत्या माणसाच्या श्रमाला मोबदला देणाऱ्या देशात आपल्या मुलींनी जावे म्हणून राज्य जर्मन भाषेचे वर्ग भरवणार असेल, तर त्याच मुली इथे शिकत असताना रात्रीच्या अंधारात बिनकागदाच्या राबतात याची दखल त्या राज्याने घ्यायला हवी.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप मी गंभीरपणे घेते. तो असा की, एकदा विद्यार्थी साहाय्यक हे पद मान्य झाले की रुग्णालये त्याचा आधार घेऊन परिचारिकांची भरती आणखी कमी करतील. परिचर्येचा इतिहास या भीतीला दुजोरा देतो. १८६०मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात आधुनिक परिचर्येच्या जनक फ्लोरेन्स नाइटिंगेल यांच्या नावाने शाळा सुरू झाली तेव्हा तिथल्या उमेदवार मुलींना निवास, भोजन आणि वर्षाला १० पौंड मिळत, आणि त्या बदल्यात त्या वॉर्डात राबत. ही पद्धत अटलांटिक ओलांडून गेली आणि अमेरिकेत शेकडो रुग्णालयांनी शाळा काढल्या त्या प्रामुख्याने विद्यार्थिनींच्या श्रमासाठी. शिकून बाहेर पडलेल्या परिचारिकेला मात्र रुग्णालयात जागा नसे, तिला श्रीमंतांच्या घरी जाऊन खाजगी शुश्रूषा करावी लागे, कारण तिच्या जागी पुढच्या तुकडीतली विद्यार्थिनी उभी असे. १९२३मध्ये अमेरिकेतील समाजसंशोधक जोसेफिन गोल्डमार्क यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या अहवालाने, रुग्णालयाच्या गरजेपुढे शिक्षण बळी जाते आहे, हे स्पष्ट शब्दांत मांडले. आपल्याकडे एकाच आवारात रुग्णालय आणि नर्सिंग कॉलेज चालवणाऱ्या संस्थांमध्ये पोस्टिंगच्या नावाखाली जे घडते, ते पाहणाऱ्याला हा शंभर वर्षांपूर्वीचा अहवाल परका वाटणार नाही.

पण याच इतिहासातून मी जो निष्कर्ष काढते, तो बंदीचा नाही. तिथे शोषण झाले कारण शिकणे आणि राबणे यांच्यामध्ये रेघ नव्हती. आजच्या आपल्या लपवाछपवीतही ती रेघ नाही. म्हणून साहाय्यकाचे पद मान्य करतानाच तीन गोष्टी अटळपणे जोडल्या पाहिजेत: पोस्टिंगचे तास साहाय्यकाच्या तासांत धरायचे नाहीत आणि साहाय्यकाचे तास पोस्टिंगमध्ये धरायचे नाहीत, परिचारिकांच्या मंजूर संख्येत साहाय्यक मोजायचा नाही, आणि ज्या पाळीत, ज्या मजल्यावर नोंदणीकृत परिचारिका हजर नाही तिथे विद्यार्थी साहाय्यक नेमायचाच नाही. या शेवटच्या अटीने लहान नर्सिंग होमची अडचण होईल, हे मला ठाऊक आहे, आणि ‘मग आम्ही बंद करायचे का?’ हा प्रश्नही मी ऐकला आहे. परंतु मुंबई (आता महाराष्ट्र) शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम १९४९ सालचा आहे आणि रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये पात्र परिचारिकांचे योग्य प्रमाण असावे ही अपेक्षा तेव्हापासून कायद्यात आहे. पंच्याहत्तर वर्षे जुनी अट पाळायला सांगणे म्हणजे नवा बोजा टाकणे नव्हे.

तासांबद्दल मात्र विद्यार्थ्यांच्या बाजूने बोलणाऱ्या मलाही कठोर व्हावे लागते. आठवड्याला सुमारे ४० तास वर्ग आणि पोस्टिंग धरले आणि त्यावर बारा तासांच्या सहा रात्री चढवल्या, तर ११२ तास होतात. आठवड्याचे एकूण तास १६८. उरलेल्या ५६ तासांत, म्हणजे दिवसाला आठ तासांत, झोप, जेवण, प्रवास, कपडे धुणे, अभ्यास आणि आजारपण एवढे सगळे बसवायचे असते. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमानुसार परीक्षेसाठी ८० टक्के उपस्थिती लागते आणि पदवी मिळण्यापूर्वी प्रत्यक्ष कामाची उपस्थिती १०० टक्के पूर्ण करावी लागते, त्यामुळे बुडवायचे तरी काय? ती मुलगी झोप बुडवते. माझ्या मते सत्र चालू असताना आठवड्याला १६ तासांहून अधिक काम नसावे, म्हणजे शनिवार-रविवारच्या आठ-आठ तासांच्या दोन पाळ्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पोस्टिंग असेल तर आदल्या रात्रीची पाळी मुळीच नसावी; सुटीच्या महिन्यात हवे तर पूर्णवेळ काम करावे. पहिल्या वर्षात हे काम देऊच नये, कारण मूलभूत परिचर्या शिकून झाल्याशिवाय साहाय्यकालाही रुग्ण उचलण्याची, हात धुण्याची आणि नोंद ठेवण्याची शिस्त आलेली नसते. सोळा तासांच्या मोबदल्याने घर चालणार नाही, असे मुली सांगतील आणि ते खरेही असेल. म्हणूनच विद्यावेतन, वसतिगृह आणि भोजन यांची सरकारची आणि संस्थांची जबाबदारी या पदामुळे कमी होत नाही.

कष्ट करून शिकण्याची कल्पना महाराष्ट्राला कुणी बाहेरून शिकवण्याची गरज नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली, ‘स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद’ असे म्हटले, आणि ‘कमवा आणि शिका’ ही योजना त्यातून उभी राहून पुढे विद्यापीठांपर्यंत पोहोचली. त्या योजनेत कामाचे तास आणि मोबदला ठरलेला असतो, काम संस्थेच्या नजरेखाली होते, आणि कोणी विद्यार्थ्याला प्राध्यापकाच्या जागी उभे करत नाही. आपण ग्रंथालयात, शेतात आणि कार्यालयात विद्यार्थ्यांसाठी ही काळजी घेतली. रुग्णाच्या खाटेजवळ, जिथे तिची सर्वांत जास्त गरज आहे, तिथे ती घ्यायची राहून गेली.

शिवाय विद्यार्थ्यांना देखरेखीखाली कामाला लावता येते हे शासनाने स्वतःच एकदा मान्य केलेले आहे. कोविडच्या काळात मनुष्यबळ तोकडे पडले तेव्हा केंद्र सरकारने अंतिम वर्षाच्या जी. एन. एम. (परिचर्येची पदविका) आणि बी. एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना ज्येष्ठ शिक्षकांच्या देखरेखीखाली कोविड रुग्णसेवेत घेण्याची मुभा दिली, आणि १०० दिवस सेवा करणाऱ्यांना शासकीय भरतीत प्राधान्य देण्याचे जाहीर केले. त्या महिन्यांत या मुलींनी पीपीई किटच्या आत घामाने निथळत जे केले ते मी पाहिले आहे, आणि त्याबद्दल माझ्या मनात नितांत आदर आहे. साथ ओसरल्यावर मात्र तो अनुभव नियमात उतरवावा असे कोणाला सुचले नाही, आणि मुली पुन्हा बिनकागदाच्या रात्रपाळीकडे परतल्या.

ही वेळ नियम करण्याची आहे, कारण भारतीय परिचर्या परिषदेच्या १९४७च्या जुन्या कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने २०२३मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला आणि प्रत्येक राज्याने आपला आयोग स्थापन करावा अशी तरतूद त्यात आहे. राज्य आयोगाच्या पहिल्या वर्षांच्या कामांत विद्यार्थी साहाय्यकाच्या पदाची नियमावली असावी, अशी माझी मागणी आहे: कामांची यादी मराठीत, ओळखपत्रावर पद ठळक अक्षरांत, गणवेशाचा रंग वेगळा, सुई टोचण्यासारख्या अपघाताची जबाबदारी नेमणाऱ्या रुग्णालयाकडे, आणि तासांची नोंद दरमहा कॉलेजकडे. यातल्या एकाही गोष्टीला मोठा निधी लागत नाही. प्रत्येक रुग्णालयात ड्युटीचा तक्ता असतोच. त्यात परिचारिकांच्या नावांखाली एक रेघ ओढून विद्यार्थी साहाय्यकांचा वेगळा रकाना करावा, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने खाटांशी परिचारिकांचे प्रमाण मोजताना त्या रेघेच्या वरचीच नावे मोजावीत.